मी जागीच आहे

कुंदे, तुला उचललं.

मी अडवू शकले नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास. कोण कोण आलं होतं, कोण रडलं, कोणी नुसतं तोंड दाखवलं, याच्याशी तुला काही घेणंदेणं नसतं. "मंगले, त्यांनी मले उचललं का?" एवढंच विचारलं असतंस. हो, उचललं. चार जणांनी उचललं. घरातून गाडीत, गाडीतून खाली, आणि तिथल्या तीन पायऱ्यांवरून वर.

आज नववा दिवस. ब्राह्मणपाऱ्यातल्या तुझ्या घरी अजून माणसं येतात, तुझ्या फोटोपुढे हात जोडतात आणि खुर्चीत बसता बसता म्हणतात, "बिचारी सुटली." सकाळपासून पाच वेळा ऐकलं. सहाव्यांदा ऐकलं असतं तर हातातला चहा कोणाच्या तरी अंगावर गेला असता, म्हणून उठून घरी आले आणि हे लिहायला बसले. कशातून सुटली? पोलिओतून? तिसऱ्या वर्षी पाय गेले म्हणून तू रडलेलं मी तरी कधी पाहिलं नाही, आणि मी तुला पाचवीपासून ओळखते. तू रडायचीस ती पायऱ्यांपुढे. शाळेच्या पायऱ्या, बँकेच्या पायऱ्या, स्टेशनच्या पायऱ्या. आणि पायऱ्या काही देवानं घातल्या नव्हत्या. त्या माणसांनी मोजून मापून, सिमेंट कालवून घातल्या होत्या. त्यातलीच माणसं आता येऊन सांगतात की तू सुटलीस.

तुझा तो एक शब्द आठवतो आणि हसू येतं, मग हसल्याचाच राग येतो. आपली रायपूरची मराठी म्हणजे अर्धी हिंदीत मुरलेली. ज्याला मराठीत उचलणं म्हणतात, त्याला आपण बिनदिक्कत उठवणं म्हणतो. "सिलिंडर उठव", "बादली उठव". बाहेरच्या मराठी माणसानं ऐकलं तर विचारेल, बादली झोपली होती का? तू गणिताची मास्तरीण, पण भाषेत कोणी चुकलं की तुझ्या कपाळावर आठी. आणि जन्मभर कुठल्याही पायरीपुढे कोणी ना कोणी मदतीला धावत यायचंच, "अरे, ताईले उठवा रे!" तू मान वर करून अगदी शांतपणे म्हणायचीस, "मी जागीच आहे."

लोक गोंधळायचे. त्या गोंधळाच्या अर्ध्या मिनिटात तू हात आडवा करून सांगायचीस की उचलायचं नाही, फळी असेल तर आणा, नसेल तर मी इथंच बरी आहे.

हा हट्ट तुझ्या अंगी जन्मापासून नव्हता. तो कधी आला ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी गाडी मी चालवत होते. मी तेव्हा शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचे. सुट्टीत तुला जंगल दाखवायला घेऊन निघाले होते. खिडकीतून दिसणाऱ्या पाखरांची नावं वहीत लिहून लिहून तुझ्या चार वह्या भरल्या होत्या, आणि जंगल तू एकदाही पाहिलेलं नव्हतं. सहलवाल्याला फोनवर विचारलं होतं, व्हीलचेअर चालेल का? "बिल्कुल चलेगी मैडम." तिथं पोचलो तर जीपची फरशी माझ्या छातीएवढी उंच. आणि चार माणसं हात झटकत पुढे आली. "उठा लेंगे न दीदी! हल्की तो हैं." एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली. कुर्ता वर सरकला. दुर्बीण पडली. तुला सीटवर ठेवून झाल्यावर ते आपसात हसले, वाईट मनानं नाही, काम फत्ते झाल्यावर माणसं हसतात तसे.

त्या दिवशी रानगव्यांचा कळप पंधरा पावलांवर आला होता. परतताना वाटेतलं आरंग गाव यायच्या जरा आधीपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. मग म्हणालीस, "मंगल, रानगवा कसा होता?"

"कसा म्हणजे? तू होती ना तिथं!"

"मी नव्हती पाहून राहिली. मले माह्या मांडीवर त्या माणसाची बोटंच दिसून राहिली होती."

मी गाडी बाजूला घेतली. तूच पुढे म्हणालीस, "आता जाईन तर माह्या चाकावर जाईन. अन् एकटी नाही जाणार. माह्यासारखे जे कोणी आहेत ते सगळे जातील. तू गाडी चालवशील." विचारलंसही नाही, सांगितलंस. मी तुला वेडी म्हटलं. सहा महिन्यांत मी व्हॅन गहाण टाकून जुनी उघडी जीप घेतलेली होती, तेव्हा वेडी कोण ते तूच ठरव.

बबनदादा आठवतो ना त्या दिवशीचा? माझा भाऊ, उभा जन्म रेल्वेच्या वॅगन कारखान्यात गेलेला, निवृत्त होऊन घरी बसलेला. तू त्याच्यापुढे कागद पसरून फळ्यांची चित्रं काढत होतीस, आणि जीप इतकी उंच की कुठलीच फळी जमत नव्हती. चढ इतका सरळ यायचा की मागून दोघांनी ढकलावं लागेल, आणि तुला ढकलणारेही नको होते. दादानं एकेक चित्र हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाला, "ताई, वॅगनमंदी माल कोनी छातीशी धरून उचलत नाही. मालधक्का असते. धक्का अन् डब्याची फरशी एका लेव्हलले. लोटलं का आत."

"म्हणजे मी माल का, दादा?"

दादाचा चेहरा असा पडला की बिचारा पळून जाईल असं वाटलं. आणि तू हसायला लागलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. "असू द्या. माल तर माल. पण मालाले जेवढी सोय आहे तेवढी मले करून द्या."

असा तो आपला मालधक्का. जंगलाच्या गेटाजवळ मुरमाचा ओटा. त्यासाठी तू किती अर्ज केलेस ते तुझ्या फायलीला माहीत. शेवटी एक भले साहेब भेटले. ते म्हणाले, कागदावर देता येणार नाही, पण करून घ्या, मी बघत नाही. तिथंच आपली चूक झाली, कुंदे. तोंडी होकारावर आपण खूश झालो. तू गणिताची, मी हिशेबाची, आणि दोघींनी एक चिठ्ठीसुद्धा मागितली नाही.

गावातल्या बायकांनी मुरूम टाकला. बिसाहिन त्यांची पुढारी. तू खुर्चीतून सुतळी धरायला लावून चढ आखत होतीस, एकाला बारा, म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. बिसाहिन कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अतेक लंबा काबर, दीदी?" एवढा लांब कशाला? तू तिला टोपलं खाली ठेवायला लावलंस, आपल्या खुर्चीत बसवलंस, आपण बाजेवर सरकून बसलीस, आणि म्हणालीस, आता स्वतःच्या हातानं चढून दाखव. ती चढली. उतरली. पुन्हा चढली. मग बाकीच्या बायकांची रांग लागली आणि तासभर काम बंद. नंतर गावातल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरमध्ये बसायलाही त्याच ओट्यावर यायच्या. बिसाहिन सांगायची, हमर डोकरी दाई घलो चढ़ जाथे. आमची म्हातारी आईसुद्धा चढते.

पहिल्या दिवशी तू वर चढलीस तेव्हा मी जीप मागे घेऊन ओट्याला लावली होती. दादानं केलेली लोखंडी प्लेट मधे टाकली. तुझ्या चाकाखाली ती वाजली, आणि तू आत होतीस. तुझे तळहात मुरमानं लाल झाले होते. फरशीतल्या चार कड्यांना खुर्चीचे पट्टे मी आवळले. तू म्हणालीस, घट्ट आवळ, हात नको लावू. त्या दिवशी चितळाशिवाय काही दिसलं नाही. पण परतताना जीप गेटाशी ठेवून व्हॅनमध्ये बसलो, जिच्या बुटक्या सीटवर तू आपली आपण सरकून बसायचीस, तर आरंगच काय, पार रायपुरात तेलीबांध्यापर्यंत तू गप्प बसली नाहीस. माझे कान किटले.

मग माणसं यायला लागली. भिलाईची ती पोट्टी, जिनं घरच्यांच्या कडेवरूनच जग पाहिलं होतं. नागपूरचे ते पोस्टमन, जे घुबड बघून रडले. सगळे येताना तहानलेले यायचे. ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आली नसती. बाहेर पडायचं म्हणजे आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद, कारण वाटेत संडासाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद. तू आधी संडासाचा तंबू शिवून घेतलास, आत खुर्ची, धरायला दांडी, बाहेर चेन. आणि प्रत्येकाला गाडीत बसल्या बसल्या दटावायचीस, "पहिले पाणी प्या. पूर्ण गिलास. नाहीतर गाडी सुरू नाही होत." मी आधी हसायचे. मग एकदा त्या भिलाईच्या पोट्टीची आई, पोरीनं घटाघटा रिकामा केलेला ग्लास हातात धरून उभी राहिलेली पाहिली, आणि हसणं सोडलं. कुंदे, मी आयुष्यात जे काही धड केलं ते त्या जीपमध्ये केलं. हे तुला सांगायचं राहून गेलं, घे, आता सांगते.

आणि तो ओटा त्यांनी पाडला.

अजून लिहिताना तळपायाची आग मस्तकात जाते. नवीन साहेब आले, नवीन गेट आलं. जीपमध्ये चढायला गुळगुळीत फरशीच्या सात पायऱ्या, फोटो काढायला सिमेंटचा बिबट्या, आणि पायऱ्यांच्या शेजारी निळा बोर्ड. बोर्डावर चाकाच्या खुर्चीचं चित्र आणि खाली लिहिलेलं, दिव्यांगजनों का हार्दिक स्वागत है. स्वागत! कुठून यायचं त्यांनी, उडत? आपण विचारायला गेलो तर साहेब हसून म्हणाले, "मैडम, वो मिट्टी का ढेर शोभा नहीं दे रहा था. आप चिंता मत कीजिए. हमारा स्टाफ है न, उठा लेंगे."

"मैं जागी हुई हूँ, साहब," तू म्हणालीस.

त्यांना कळलं नाही. त्यांनी चहा मागवला. तू त्याला हात लावला नाहीस, मी मात्र प्यायले, आणि बाहेर आल्यावर तू मला त्यावरून सुनावलंस.

मला त्या दिवशी तुझा राग आला होता, खरं सांगते. आणि तो पुढे वाढत गेला. तू अर्जांवर अर्ज करत होतीस, मी गाडी पुसून बसून राहिले होते. मग होळीच्या आधी धमतरीचे साहू गुरुजी आले. अर्धांगाचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली, सोबत मुलगा. त्यांना आपण कळवलं होतं की ओटा नाही, तरी ते आले. म्हणाले, पुढच्या साली मी असेन नसेन. गेटावर स्टाफची चार माणसं हात झटकत पुढे आली. गुरुजी म्हणाले, "उठा लव बेटा. ये उमर मा अब काके लाज." या वयात आता लाज कसली.

तू म्हणालीस, "त्यांना जायचं आहे, त्यांना न्या. मी इथं बसते."

तेव्हा मी तुटून पडले तुझ्यावर. गुरुजींसमोर, त्यांच्या मुलासमोर, त्या हात झटकणाऱ्या माणसांसमोर. "कुंदे, कितीक हट्ट करशील? एक वेळ उचललं तर झिजशील का तू?"

"आज मी हव म्हटलं ना मंगल, तर ओटा कधीच होणार नाही. ते म्हणतील, चालून तर राहिलं असंच."

"अन् नाही म्हटलं तर होणार आहे का? अस्वल पाहाचं म्हणून मरून राहिली होती ना तू? मोहाची फुलं पडून राहिली, आज दिसेल. अन् तू तत्त्व घेऊन बस इथं!"

"तू जा ना," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. तू आवाज चढवला असतास तर मी थांबले असते.

मी गेले. तुला तिकीट खिडकीच्या सावलीत सोडून जीप आत नेली. चार तास. सावली हलेल तशी तू खुर्ची हलवत होतीस, हे मला नंतर बिसाहिननं सांगितलं. बाहेर आले तेव्हा तुझा चेहरा उन्हानं काळवंडला होता. तू विचारलंस, "काय दिसलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चितळ."

तू माझ्याकडे बघितलंस. पस्तीस वर्षं पोरींच्या वह्या तपासल्यास तू. कोणी कोणाचं बघून लिहिलं ते अक्षरावरून ओळखायचीस. "बरं," म्हणालीस. बस, बरं.

मी खोटं बोलले होते. काय दिसलं होतं ते सांगते, हे संपायच्या आत सांगते. आधी पुढचं सांगू दे, नाहीतर माझ्यानं होणार नाही.

त्यानंतर दोन महिने आपण कामापुरतं बोललो. बूढापाऱ्यात गुरुवारी गाड्यावरची पाणीपुरी, आपली गुपचुप, खायला जायचं, तेही मी टाळलं, गाडीचं काम आहे म्हणाले. गाडीचं काही काम नव्हतं. तू फोनवर विचारायचीस, "काहून येऊन नाही राहिली?" आणि मी म्हणायचे, बघते. मग एका सकाळी अनिकेतचा फोन, तुझ्या भाच्याचा, "मौसी, बुआ को भर्ती किया है."

अनिकेतवर रागावू नकोस. मी रागावले आहे, ते पुरे. नवा रायपूरला नोकरी, मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. तुझ्यावर जीव आहे त्याचा, पण तुझ्या दारातली उतरण सोडली तर कधी कुठली दुसरी उतरण त्यानं पाहिली नाही. तुझ्या छातीत कफ भरला होता, तोंडावर मास्क. तू गादीवरून खाली सरकली होतीस. अनिकेत, एक वॉर्डबॉय आणि सिस्टर, तिघांनी चादरीची टोकं धरली. "अम्मा को ऊपर लेना है, उठाओ."

तू मास्क बाजूला केलास. सगळा जीव एकवटून, धापा टाकत, शुद्ध मराठीत म्हणालीस, "मी जागीच आहे."

"हाँ अम्मा, जागते रहिए, अच्छा है," सिस्टर म्हणाली. अनिकेतनं माझ्याकडे बघून डोळे पुसले. "बुआ बहक रही हैं." आणि मी हसले, कुंदे. दवाखान्यात, तुझ्या पायथ्याशी उभी राहून, मोठ्यानं हसले. तुझ्या तोंडाचा एक कोपराही हलला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आपण एकमेकींकडे धड बघितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं मी अस्वलाचं. पण सिस्टरनं मास्क लावला, बाहेर जा म्हणाली, आणि मला वाटलं, उद्या सांगू. पहाटे अनिकेतचा फोन आला. तेच तुझे शेवटचे शब्द, आणि ते बरळणं म्हणून गेले.

आता घरचं ऐक. तुझ्या दारात तुझी स्वतःची उतरण आहे, तीस वर्षांपूर्वीची, एकाला बारा. मी म्हटलं, दवाखान्याची चाकाची स्ट्रेचर इथंच आहे. तिच्यावरून, तिच्या उतरणीवरून, तिला खाली नेऊ. कोणी उचलायचं नाही. तुझे चुलतभाऊ माझ्याकडे असे बघायला लागले जशी मी परकी भाषा बोलतेय.

"असं कुठं असते का? खांदा द्याच लागते. ती का अनाथ होती?"

"तिले नाही आवडत उचललेलं," मी म्हटलं.

"आता तिले काय कळते?"

यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही, तू कल्पना कर, तुला माझं तोंड माहीत आहे. पण खांदे बघ कोणाचे. एक त्या चुलतभावाचा, ज्यानं तुझ्या उतरणीनं गल्लीतली स्कूटर लावायची जागा गेली म्हणून दोन वर्षं भांडण केलं. एक शेजारच्या त्या गृहस्थांचा, ज्यांच्या मुलीच्या लग्नाला तू हॉलच्या पायऱ्यांखाली बसून जेवलीस, आणि ते ताट खाली पाठवलं म्हणून वर आभाराची वाट बघत होते. जितेपणी एक फळी टाकायला कोणाला वेळ नव्हता, कुंदे, आणि त्या दिवशी खांद्यांना तोटा नव्हता. पाळी लावावी लागली. अनिकेत माझ्या कानाशी आला, "मौसी, तमाशा मत करो प्लीज. सब देख रहे हैं."

"देखू दे," मी म्हटलं. पण बाजूला झाले. बबनदादानं माझा दंड धरला होता. मी बाजूला झाले हे मला कळतंय, आणि तुलाही कळू दे.

मी व्हॅन घेऊन मागे गेले. बायका स्मशानात येत नाहीत म्हणाले, मी गेले. आणि तिथं चौथऱ्याला तीन पायऱ्या. मी त्या पायऱ्यांकडे बघतच राहिले. म्हणजे इथंही! जिथं कोणीच स्वतःच्या पायानं येत नाही, तिथं कोणासाठी घातल्या त्या? तू असतीस तर खडूनं तिथंच फरशीवर चढ आखायला बसली असतीस.

तिरडी खाली टेकवली होती. सगळे थांबले होते. भटजी घाई करत होते. आणि अनिकेत, जो जन्मात कधी मराठी बोलला नाही, तो म्हाताऱ्या माणसांकडे वळून मराठीत म्हणाला, "चला. बुआले उठवा."

मी वाट बघितली. खरंच बघितली. असं वाक्य बोललं गेलं आणि उत्तर आलं नाही, असं माझ्या आयुष्यात झालेलं नव्हतं. इतकी सवय झाली होती मला की माझा कान तुझ्याकडे लागला होता. उत्तर येईना. मग मीच ओरडले, "ती जागीच आहे!"

सगळे वळले. कोणीतरी म्हणालं, हिला पाणी द्या. भटजी मंत्र विसरले. अनिकेत मात्र तसाच उभा राहिला, बांबूवरचा हात सुटलेला, माझ्याकडे बघत. त्याला तेव्हा कळलं की दवाखान्यात तू बरळत नव्हतीस. मग चुलतभावानं त्याला कोपरानं ढोसलं, आणि त्यांनी तुला उचललं.

काल अनिकेत आला होता. आता घरी आणून ठेवलेल्या जीपजवळ गेला, फरशीतल्या कड्यांना हात लावून बघत होता. मग म्हणाला, "मौसी, वो एक-बारह वाला क्या होता है?" वरातीमागून घोडं, कुंदे. तू होतीस तेव्हा विचारलं असतं तर त्याला तू जेवायला उठू दिलं नसतंस. मी म्हटलं, तुझ्या बुआच्या फायलीत आहे, शोध. त्यानं फाईल नेली आहे. राग उतरला की समजावून सांगेन, अजून उतरलेला नाही.

आता अस्वल.

नाल्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडाखाली होतं. मादी. मान खाली घालून फुलं खात होती आणि पायांशी दोन पिल्लं लोळत होती. गुरुजींनी माझा हात धरला, उजव्या हातानं, जो चालतो त्यानं. मी इंजिन बंद केलं, तो आवाज थांबला त्यानंच ती बिथरली. तिनं आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही पिल्लांना मांजरीसारखी तोंडात धरून पळेल. तिनं त्यांना उचललं नाही. ती खाली बसली. पार पोट जमिनीला टेकवून, पाठ त्यांच्या उंचीला आणून. आणि पिल्लं तिच्या केसांना धरून आपली आपण वर चढली. एक पटकन चढलं. दुसरं घसरलं, पुन्हा चढायला लागलं. आम्ही तिच्या समोर होतो, तिला भीती होती, तरी ते दुसरं चढेपर्यंत ती हलली नाही. मग उठली आणि दोघांना पाठीवर घेऊन गेली.

गुरुजी रडत होते. म्हणाले, "बेटी, मैडम ला जरूर बताबे." मॅडमना नक्की सांग. मी हो म्हटलं. गेटापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात मला एकच दिसत होतं, की हे सांगितलं तर तू काही बोलणार नाहीस, नुसती माझ्याकडे बघशील, आणि मला कबूल करावं लागेल की तिकीट खिडकीपाशी उन्हात बसलेली तूच बरोबर होतीस. तेवढं माझ्यानं झालं नाही. तू विचारलंस, काय दिसलं, आणि मी म्हटलं, काही नाही, चितळ.